बाईकचे इंडिकेटर बदलताय? आधी जागा बघा, मग डिझाइन

कंपनीचे इंडिकेटर दिसायला भोंगळ असतात हे मान्य, दोन्ही बाजूंनी कान बाहेर काढल्यासारखे, म्हणून नवीन बाईकवर पहिला हात बहुतेक जण त्यांच्यावरच टाकतात. पण ते कान बाहेर काढलेत त्याला कारण आहे. संध्याकाळी मागून येणाऱ्या गाडीवाल्याला तुमची बाईक म्हणजे एक लाल ठिपका असते, त्या ठिपक्याला चिकटूनच जर पिवळं काहीतरी लुकलुकायला लागलं तर ते डावीकडचं की उजवीकडचं हे त्याला कळणार कसं? म्हणून नियमांमध्ये सगळ्यात जास्त भर दोन इंडिकेटरमधल्या अंतरावर आहे, आणि बाजारातले निम्मे सुंदर इंडिकेटर नेमके तिथेच नापास होतात.

आकडे सांगतो. बऱ्याच देशांनी घेतलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५३ म्हणतो की पुढच्या दोन इंडिकेटरच्या पेटणाऱ्या भागांच्या आतल्या कडांमध्ये किमान २४० मिलिमीटर हवेत आणि मागे किमान १८०. जमिनीपासून उंची ३५० ते १२०० मिलिमीटरच्या मध्ये. मागचे इंडिकेटर बाईकच्या शेवटच्या टोकापासून ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे नकोत, म्हणजे सीटखाली कुठेतरी खोल लपवून चालत नाही. बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत आणि आतल्या बाजूला २० अंशांपर्यंत ते दिसले पाहिजेत. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुक, त्याच्या बाहेर नाही.

अमेरिकेचं माप वेगळं आहे, तिथे दिव्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, पुढे किमान १६ इंच आणि मागे किमान ९ इंच. पुढचा रंग अंबरच, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा, मागे मात्र लालही चालतो, बाकी बहुतेक जगात मागेही अंबरच लागतो, त्यामुळे तिकडचा लाल सेट स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. जुन्या बाईकवाल्यांना थोडी सूट असते. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९८६ च्या आधी रस्त्यावर आलेल्या बाईकला इंडिकेटरची सक्तीच नाही, अमेरिकेत ही सक्ती १९७३ पासून बनलेल्या बाईकना लागली. तुमच्या बाईकला कुठला नियम लागतो ते नोंदणीचा देश आणि वर्ष बघून ठरतं, ते आधी नक्की करा मगच पैसे घाला.

घेताना इंडिकेटरच्या काचेवर काय कोरलंय ते वाचा. गोलात ई आणि शेजारी आकडा असेल तर तो संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखाली मंजूर झालेला माल. तो आकडा म्हणजे दर्जा नाही, मंजुरी देणाऱ्या देशाचा नंबर आहे, १ जर्मनी, ४ नेदरलँड्स, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे भारी माल असं काही नसतं. शेजारीच ११ किंवा १२ लिहिलेलं सापडेल, ११ म्हणजे पुढे लावायचा आणि १२ म्हणजे मागे, आणि लोक हमखास हे उलटसुलट लावतात. अमेरिकेसाठीच्या मालावर डीओटी, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याची अक्षरं, लिहिलेली असतात.

आता प्रकार. दांडीवाले छोटे एलईडी हा सगळ्यात बिनडोकेदुखीचा पर्याय, अंतर आपोआप मिळतं, रबराची दांडी असेल तर बाईक पडली तरी वाकून परत सरळ होतात. फेअरिंगला, म्हणजे बाईकच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, चपटे बसणारे फ्लश इंडिकेटर दिसतात झकास, पण पॅनल तिरकं असेल तर प्रकाश भलतीकडेच जातो आणि बाजूने काहीच दिसत नाही. हँडलच्या टोकाला लावायचे बार एंड पुढून छान रुंद दिसतात, मागून मात्र तुमचं स्वतःचं अंग आणि जॅकेट आडवं येतं, तेव्हा मागचे वेगळे ठेवाच. टेललाइटमध्येच इंडिकेटर बसवलेला प्रकार मला अजिबात पटत नाही, १८० मिलिमीटरचा हिशोब तिथे क्वचितच बसतो आणि ब्रेक दाबलेला असताना लाल प्रकाशात पिवळा बुडून जातो. स्मोक काचेचंही तेच, रात्री ठीक, दुपारी शून्य.

बल्बच ठेवायचे असतील तर रंगाकडे लक्ष द्या. पिवळ्या काचेत साधा बल्ब, पारदर्शक काचेत पिवळा बल्ब. दोघांच्या टोपीवरच्या पिना वेगळ्या असतात, साध्याच्या बरोबर समोरासमोर आणि पिवळ्याच्या जरा तिरक्या, म्हणजे चुकीचा बल्ब बसूच नये म्हणून केलेली सोय, आणि आपले लोक कानशीने पीन घासून तोच बसवतात. पिवळ्या बल्बचा रंग काही वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटतो आणि इंडिकेटर पांढरा लुकलुकायला लागतो, तेव्हा तो बदलायचाच. आणि पिवळ्या काचेत एलईडी घालायचा असेल तर पिवळाच एलईडी घ्या, पांढऱ्याने फिकट आणि मंद दिसतं.

मग येतो सगळ्यांचा लाडका प्रॉब्लेम. एलईडी लावले, बटण दाबलं आणि टिकटिकटिकटिक, दुप्पट वेगाने. बाईक बिघडलेली नाही. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर खेचतात, एलईडी त्यामानाने अगदी थोडे, त्यामुळे फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, वाटतं एक बल्ब उडालाय. बल्ब उडाला की वेग बदलून चालवणाऱ्याला कळावं यासाठी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. उपाय दोन. एक, एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, ज्याचा वेग लोडवर अवलंबून नसतो. दुसरा, प्रत्येक बाजूला दिव्याच्या समांतर रेझिस्टर, म्हणजे बल्बइतकाच करंट खेचणारा रोधक, २१ वॅटच्या बल्बच्या जागी साधारण ६.८ ओहम, ५० वॅटचा. मी पहिलाच सुचवतो. रेझिस्टर बल्बइतकाच तापतो, प्लास्टिकला टेकला तर प्लास्टिक वितळतं, लावायचाच तर फ्रेमच्या लोखंडावर स्क्रूने आवळा. ज्या नव्या बाईकमध्ये वेगळा फ्लॅशरच नसतो, कंट्रोल युनिटच सगळं बघतं, तिथे मात्र रेझिस्टर किंवा सेटिंग बदलणं हाच मार्ग. फ्लॅशरच्या पिनांवर बी म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, एल म्हणजे लोड, ई म्हणजे अर्थ, बाईकच्या बॉडीला जोडायची वायर. एलईडी फ्लॅशरला पिना उलट्या झालेल्या चालत नाहीत. एक मात्र आहे, एलईडी फ्लॅशर लावला की एखादा दिवा गेला तरी बाईक सांगत नाही, दर काही दिवसांनी खाली उतरून स्वतः बघावं लागतं.

माझ्याकडे फ्लॅशर बदलूनही गंमत झाली, डावा दाबला की चारही लुकलुक. दोन तास वायरिंग उसवून बसलो, शॉर्ट शोधत, आणि शॉर्ट नव्हताच. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असेल तर तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, डाव्याचा करंट त्यातून उजवीकडे गळतो, बल्ब असताना तेवढ्याशा करंटने ते पेटत नाहीत पण एलईडी पेटतात. त्या दिव्याच्या दोन वायरी काढा. डाव्या वायरला एक १एन४००७ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, उजवीला दुसरा, दोघांची चंदेरी पट्टीवाली टोकं एकत्र करून दिव्याच्या एका बाजूला, आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थला. डायोड दोन-चार नाण्यांत येतात. सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा, नुसती टेप उन्हात सुटते.

बसवताना अर्थकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या दांडीतून बॉडीमार्फत अर्थ जात असेल आणि तुम्ही ती रंगवलेल्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकच्या मडगार्डवर लावली तर दिवा मंद जळणार किंवा बंद, तेव्हा वेगळी वायर ओढा किंवा नटाखालचा रंग खरवडा. वायर हँडलच्या वळणावर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, ताणली जाता कामा नये.

सगळं झालं की भर दुपारी, उन्हात, बाईक उभी करा आणि मित्राला बटण दाबायला सांगून तुम्ही दहा पंधरा पावलं मागे जा, मग तिरके उभे राहा, मग पुढून. ब्रेक दाबून परत बघा. मिनिटभर मोजा, ६० ते १२० मध्ये येतंय का. आणि काढलेले जुने इंडिकेटर फेकू नका, तपासणीला जायच्या आदल्या रात्री त्यांची आठवण येते.