वंशावळ जुळवताना लग्नतिथी आणि जन्मतारखांच्या या चुका टाळा

आमच्या घरी आजी-आजोबांच्या लग्नाचे साल १९२९ असेच सर्वांना पाठ होते. आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या लग्नपत्रिकेवर मात्र ‘शके १८५१, फाल्गुन वद्य पंचमी’ असे छापलेले होते. कोणीतरी कधीकाळी त्या शकात ७८ मिळवून आलेला आकडा वहीत उतरवला होता आणि पुढे तोच चालत राहिला. शक आणि इसवी सन यांतले अंतर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ वर्षांचे असते. जानेवारी उजाडला की फाल्गुनाच्या अमावास्येपर्यंत ते ७९ होते. म्हणजे हे लग्न मार्च १९३० मधले. एका वर्षाने काय बिघडले, असे वाटेल. पण मुलींसाठी विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात आला आणि त्याआधीच्या काही महिन्यांत देशभर अनेक लग्ने घाईघाईने उरकली गेली. अकरा वर्षांच्या आजीला पंधरा दिवसांत बोहल्यावर का उभे केले, हे कोडे वर्ष दुरुस्त केल्यावरच उलगडले.

त्यामुळे पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे शकात डोळे मिटून ७८ मिळवणे. तिचा पडताळा जुन्या कागदातच असतो. शकासोबत संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव लिहिलेले असेल, तर शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी १ उरल्यास प्रभव, २ उरल्यास विभव, ३ उरल्यास शुक्ल, याप्रमाणे साठांचा क्रम लागतो. १८५१ मध्ये १२ मिळवले की १८६३ होतात, बाकी ३ उरते, आणि आमच्या पत्रिकेवर ‘शुक्लनाम संवत्सरे’ असेच होते. शकाचा शेवटचा अंक पुसट झाला असेल किंवा कसरीने खाल्ला असेल, तर हाच हिशोब उलट करून तो परत मिळवता येतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे वार. तिथीवरून काढलेल्या तारखेला कागदावर लिहिलेला वार येत नसेल, तर कुठेतरी गफलत आहे असे समजावे. फार मागे जाताना मात्र सावध राहावे. शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे आणि तिची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० मानतो. ती जुलियन गणनेची तारीख आहे. आजच्या ग्रेगरी गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. मोबाइलवरच्या एखाद्या कॅलेंडरात १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार दिसला, म्हणून मूळ नोंद खोटी ठरत नाही. वाराबाबत आणखी एक फसगत होते: पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत सोमवार आणि नगरपालिकेच्या दाखल्यात मंगळवार असेल, तर दोन्ही नोंदी बरोबर असू शकतात.

वद्य पक्षातली तिथी परप्रांतातल्या कागदाशी ताडून पाहताना तर हमखास चूक होते. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी असते, हे गोकुळाष्टमीमुळे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु काशी-प्रयागच्या पंड्याच्या वहीतली तिथी वाचताना ते विसरले जाते. आमच्या पत्रिकेतली फाल्गुन वद्य पंचमी तिकडच्या हिशोबात चैत्र कृष्ण पंचमी, (विक्रम) संवत १९८६ अशी लिहिली जाईल, आणि एकाच लग्नाची दोन लग्ने होतील. शिवाय पंड्याच्या वहीतला दिवस हा यजमान तीर्थाला आल्याचा असतो, जन्माचा किंवा लग्नाचा नव्हे. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवर फसली सन असतो, इसवी सन काढायला त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात; मोडी कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००.

वयाचे आकडेही जपून वापरावेत. ‘लग्नात तिला नववे लागले होते’ या वाक्याचा अर्थ आठ पूर्ण असा आहे. नऊ वजा करून जन्मसाल काढणारे एका वर्षाने मागे जातात, आणि त्यावरून पुढच्या भावंडांचा क्रमही चुकतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली १ जून ही जन्मतारीख दिसली की तिथे प्रश्नचिन्ह काढून पुढे जावे. जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बसावे म्हणून गुरुजींनी घातलेली ती सोयीची तारीख असते. एकाच घरातली तिन्ही भावंडे १ जूनला जन्मलेली असतील, तर वेगळे सांगायला नको. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर विवाहाचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक असे दोन रकाने असतात. पासपोर्टसाठी चाळीस वर्षांनी केलेली नोंदणी हेच लग्न समजून वंशावळीत उतरवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. उलट, पारंपरिक पद्धतीच्या लग्नाची तारीख चातुर्मासात येत असेल, तर रूपांतर पुन्हा तपासावे, कारण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सहसा मुहूर्त नसतात.

नावांवर विसंबणे ही चूक तारखांच्या आधारेच पकडता येते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे एका घरात शंभर वर्षांत तीन विनायक सापडतात. पत्रिकेतले नावरस नाव हाकेच्या नावाहून निराळे असते. दत्तक गेलेल्या मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही बदलू शकतात, जन्मतिथी तेवढी तीच राहते. थोरल्या मुलाचा जन्म आईच्या लग्नाआधीचा दिसला, तर तारीख खोडण्यापूर्वी ती वडिलांची दुसरी पत्नी होती का, हे पाहावे. काही घरांत दुसरीचेही नाव पहिलीचेच ठेवले जाई. बालविवाहांच्या काळात लग्न आणि पहिले मूल यांत सहा-सात वर्षांचे अंतर सहज असे, त्यामुळे मध्ये एखादे अपत्य हरवले आहे असे गृहीत धरू नये.

आणि जन्माची नोंद सासरच्या गावी मिळाली नाही, तर शोध थांबवू नये. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे ती नोंद बहुतेक वेळा आईच्या माहेरच्या गावातल्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (जुना गाव नमुना १४) असते. तिथे बाळाला अजून नाव नसल्यामुळे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले आढळते आणि पुढे बापाचे, कधी आजोबांचे नाव असते. माझ्या थोरल्या काकांची नोंद मला अशीच, आजीच्या वडिलांच्या नावापुढे ‘नातू’ या एका शब्दात सापडली.