उदयपूरचं जुन्या गाड्यांचं म्युझियम बघायचंय?

उदयपूरला गेलात तर सिटी पॅलेस बघून लगेच निघू नका, गार्डन हॉटेलच्या आवारातलं जुन्या गाड्यांचं म्युझियम बघाच. पूर्वी हे मेवाड संस्थानचं गॅरेज होतं, २००० साली लोकांसाठी उघडलं. शक्यतो सकाळी जा, गर्दी कमी असते आणि फोटोत काचेवर चकाकी कमी येते. १९३४ च्या रोल्स रॉइस फँटम २ पाशी मात्र वेळ काढा, ७.७ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आहे तिचं, म्हणून बॉनेट एवढं लांब, बाजूने वाकून बघा, बॉनेटवरची पंखवाली मूर्ती, तारांची चाकं, चढायचा फुटबोर्ड, काय काम केलंय राव! हात लावू नका प्लीज, घामाने क्रोमवर डाग पडतात. लहान मुलांचा हात धरून ठेवा. आवारातला जुना पेट्रोल पंपही बघून घ्या.