टोल्युइनचा ड्रम: उघडण्यापूर्वी, ओतताना आणि रिकामा झाल्यावर

टोल्युइन हे द्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारा द्रव, दिसायला पाण्यासारखे नितळ आणि वासाला गोडसर असते. छपाईची शाई, पादत्राणांचे चिकट सोल्यूशन, रंग आणि फर्निचरच्या लॅकरसाठी वापरले जाणारे एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर अशा अनेक गोष्टींत ते एकटे किंवा इतर द्रावकांत मिसळलेले सापडते. म्हणूनच पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच माणसांनिशी चालणाऱ्या उद्योगातही त्याचा २०० लिटरचा ड्रम कोपऱ्यात उभा असतो. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो, लहान शेडमध्ये तो नसतो, आणि हे मार्गदर्शन प्रामुख्याने तिथल्या माणसांसाठी आहे.

आधी वाफ समजून घ्या

पेटतो तो द्रव नव्हे, त्याच्यावरची वाफ. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते तापमान, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटेही शेडमधले तापमान सहसा याच्या वर असते, त्यामुळे उघड्या भांड्यातले टोल्युइन बाराही महिने पेटण्याच्या तयारीत असते असेच समजावे.

हवेत टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर मिश्रण पेटते. त्याहून कमी असेल तर वाफ अपुरी पडते आणि जास्त असेल तर हवा अपुरी पडते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ एवढी दाट असते की एरवीच्या तापमानाला आतल्या आत पेट घेण्याइतकी हवाच तिथे उरत नाही. टोल्युइनचे तसे नाही. २५ अंशांना ड्रममधल्या मोकळ्या जागेत वाफेचे प्रमाण सुमारे ३.८ टक्के होते, म्हणजे नेमके धोक्याच्या पट्ट्याच्या मध्यावर. साधारण ४ अंशांपासून ३७ अंशांपर्यंत ही स्थिती टिकते. अर्धा भरलेला ड्रम पूर्ण भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त जपावा लागतो, तो यामुळे.

ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती छताकडे न जाता जमिनीलगत पसरते, नालीत उतरते, दाराच्या फटीतून शेजारच्या गाळ्यात जाते आणि तिथल्या ज्वाळेला भेटली की आग त्याच वाटेने मागे ड्रमपर्यंत येते. हिशेब करून पाहिला तर एक लिटर टोल्युइन पूर्ण उडून गेल्यावर सुमारे २० घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. दहा बाय दहाच्या खोलीत सात फूट उंचीपर्यंत जेवढी हवा मावते, तेवढी ही हवा झाली.

जागा तयार करणे

काम सुरू करण्यापूर्वी शेडमध्ये एक फेरी मारून ठिणगीची आणि ज्वाळेची प्रत्येक जागा शोधावी. चहाची शेगडी, वेल्डिंग, ग्राइंडर, साधा फ्रिज आणि मोबाइलचा चार्जर या गोष्टी सहज आठवतात. भिंतीवरच्या देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्ती मात्र कोणी मोजत नाही. देवाला नमस्कार जरूर करावा, पण दिवा द्रावकाच्या खोलीत लावू नये.

जिथे वाफ जमू शकते तिथले दिवे, बटणे आणि पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी किंवा ज्वाळा बाहेर पडू न देणाऱ्या प्रकारचीच असावी. एक्झॉस्ट पंखा छताजवळ बसवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण जड वाफेसाठी हवा ओढण्याचे तोंड जमिनीजवळ हवे आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्याची सोयही हवी.

कामाच्या जागी त्या दिवसापुरतेच द्रावक ठेवावे आणि उरलेला साठा वेगळ्या, हवेशीर, उन्हापासून आडोसा असलेल्या जागी ठेवावा. फ्लॅश पॉइंट २३ अंशांहून कमी असल्यामुळे टोल्युइन पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे ‘अ’ वर्गात मोडते. विक्रीसाठी नसलेला असा साठा एकूण ३० लिटरपर्यंतच परवान्याशिवाय बाळगता येतो. या परवान्यांचे काम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. कोपऱ्यातल्या त्या २०० लिटरच्या ड्रमची कायदेशीर बाजू मालकाने आधीच तपासून घेतलेली बरी.

ओतणे: सर्वांत नाजूक पायरी

टोल्युइन विजेचे अतिशय कमजोर वाहक आहे. नळीतून वाहताना, धार पडताना, भांड्यात उसळताना त्यात स्थिर विद्युत निर्माण होते आणि तिला निसटायला वाट न मिळाल्याने ती साचत राहते. टोल्युइनची वाफ पेटायला सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. आपल्या बोटाला जाणवणारी ठिणगी साधारण १ मिलिज्यूलच्या आसपास असते, म्हणजे आपल्याला कळतही नाही अशी ठिणगी आग लावायला पुरेशी आहे.

मी उमेदवारीच्या काळात ज्या शेडमध्ये होतो, तिथे डिसेंबरच्या एका कोरड्या सकाळी प्लॅस्टिकच्या बादलीत टोल्युइन काढले जात होते. बादली भरत आली आणि तिची लोखंडी कडी तोटीजवळ गेली, तेव्हा ‘चट्’ असा आवाज झाला. मिस्त्री हात झटकून म्हणाले, “करंट मारला!” आणि सगळे हसले. प्लॅस्टिकमुळे जमिनीपासून तुटलेल्या त्या कडीवर साचलेला भार तोटीवर उडी घेत होता, हे मला बऱ्याच वर्षांनी समजले. त्या दिवशी आग लागली नाही, यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. म्हणून प्लॅस्टिकची बादली, कॅन किंवा बाटली या कामाला वापरू नये. झाकणाचा धातूचा सेफ्टी कॅन घ्यावा.

ओतण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम ड्रमला अर्थिंगच्या तारेचा चिमटा लावावा. चिमट्याचे दात रंगाचा थर भेदून कोऱ्या पत्र्यापर्यंत पोचले पाहिजेत. रंगावर नुसता अडकवलेला चिमटा असून नसल्यासारखा. मग दुसऱ्या तारेने ड्रम आणि कॅन एकमेकांना जोडावेत, म्हणजे दोहोंतला विद्युत भार सारखा राहील. दोन्ही जोडण्या झाल्यावरच पितळेच्या किंवा ब्राँझच्या पान्याने बूच सावकाश सैल करावे. उन्हात राहिलेल्या ड्रममध्ये दाब वाढलेला असतो, तो आधी हळूच निघून जाऊ द्यावा. ड्रम आडवा लोटून ओतण्यापेक्षा द्रावकासाठीचा हातपंप किंवा हात काढताच आपोआप बंद होणारी तोटी वापरावी. नळीचे टोक कॅनच्या तळाशी टेकवावे आणि ते बुडेपर्यंत धार अगदी मंद ठेवावी, कारण उंचावरून पडणारी धार उसळते आणि भार वाढवते. भरून झाल्यावर अर्धा मिनिट थांबावे, दोन्ही झाकणे घट्ट लावावीत आणि तारा सर्वांत शेवटी काढाव्यात.

नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नये, सुती कपडे घालावेत. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत भार लवकर साचतो. पावसाळ्यात तो कमी जाणवतो, पण म्हणून तारा गुंडाळून ठेवू नयेत.

श्वास आणि कातडी

टोल्युइनचा वास फार कमी प्रमाणातही येतो, मात्र थोड्या वेळाने नाक सरावते आणि वास गेला असे वाटू लागते. त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहू नये. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, प्यायल्यासारखी झिंग ही लक्षणे दिसली की माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणावे. वर्षानुवर्षे संपर्क राहिला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि यंत्रांच्या गोंगाटाची जोड मिळाली तर ऐकण्याची शक्तीही जास्त घटते. गरोदर स्त्रियांना या कामापासून दूर ठेवावे.

ज्यांच्याकडे वायूमापक आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे यंत्र सहसा ज्वलनाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांना भोंगा वाजवते, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत टोल्युइनचे सुमारे १,१०० भाग झाल्यावर. श्वासासाठी १९४८ च्या भारतीय कारखाने कायद्यात आठ तासांसाठी सरासरी १०० भागांची मर्यादा होती. आगीपासून सुरक्षित हवा श्वासालाही सुरक्षित असतेच असे नाही.

कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि बंद टाकीत उतरण्यासाठी तोही चालत नाही. साधे रबरी हातमोजे फुगतात आणि नायट्राइल या कृत्रिम रबराच्या पातळ हातमोज्यांतून टोल्युइन काही मिनिटांत आत झिरपते, म्हणून पुरवठादाराकडून टोल्युइनसाठीच सांगितलेले हातमोजे घ्यावेत. संध्याकाळी हाताचा रंग काढायला टोल्युइन वापरण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने कातडीतला स्निग्धांश निघून जातो आणि भेगा पडतात; खाद्यतेल आणि साबण यांनी तेच काम होते.

चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नये, कारण द्रव फुप्फुसात उतरण्याची भीती असते. रुग्णाला लेबलासह थेट रुग्णालयात न्यावे.

सांडले किंवा पेटले तर

सांडल्यावर विजेचे कोणतेही बटण चालू करू नये, आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. सगळ्यांना बाहेर काढावे, दारे उघडावीत, नालीचे तोंड कोरड्या वाळूने अडवावे आणि वाळूनेच द्रव टिपून झाकणाच्या धातूच्या डब्यात भरावा. लाकडाचा भुसा वापरू नये. द्रावक पुसलेली फडकीही तशाच झाकणाच्या डब्यात टाकावीत.

पेटलेल्या टोल्युइनवर पाण्याचा फवारा मारू नये. ते पाण्याहून हलके असल्याने पाण्यावर तरंगत आग पसरवते. फोम, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे, आणि तेही आग लहान असेल आणि आपली पाठ दाराकडे असेल तरच. एरवी बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

रिकामा ड्रम

रिकामा म्हणून ठेवलेल्या ड्रमच्या तळाशी दोन-चार चमचे द्रव राहतोच, आणि वर सांगितल्याप्रमाणे आतली वाफ नेमकी पेटण्याजोगी असते. असा ड्रम पाण्याची टाकी किंवा कचऱ्याचा डबा करण्यासाठी गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापायला घेतला की त्याचे झाकण तोफगोळ्यासारखे उडते. पाण्याने विसळून भागत नाही, कारण टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. घातक रसायनांचे रिकामे ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. ते गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता पुरवठादाराला परत करावेत किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवावेत. तोपर्यंत बूच घट्ट लावून, लेबल न काढता, भरलेल्या ड्रमइतक्याच काळजीने ते सावलीत ठेवावेत.