इंग्लंडमध्ये शाळा बुडवून सुट्टीवर जाताय? तिकीट काढण्याआधी हे मोजा

डिसेंबरात लग्न असतं, शाळा सुटायच्या चार दिवस आधीचं तिकीट बरंच स्वस्त मिळतं, आणि मग घरात एकच चर्चा सुरू होते: दंड बसेल का?

आधी मुलाचं वय पाहा. पाचवा वाढदिवस झाल्यानंतर येणाऱ्या ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर किंवा ३१ मार्चनंतरच्या टर्मपासून शिक्षण सक्तीचं होतं. त्याआधी रिसेप्शनमधलं (शाळेच्या पहिल्या वर्गातलं) मूल गैरहजर राहिलं तर दंड होत नाही. शाळेला कळवायचं मात्र असतंच.

मोठ्या मुलांसाठी सेशन मोजा, दिवस नव्हे. सकाळचं एक, दुपारचं एक. ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडभर एकच नियम आहे: शाळेच्या सलग १० आठवड्यांत विनापरवानगी १० सेशन बुडाली, की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. हाफ-टर्मच्या (टर्मच्या मधल्या सुट्टीच्या) आधीचे गुरुवार-शुक्रवार आणि नंतरचे सोमवार-मंगळवार म्हणजे आठ सेशन, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याच काळात मूल दोनदा हजेरी बंद झाल्यावर पोचलं असेल आणि त्याला सबळ कारण नसेल, तर तीही दोन सेशन धरली जातात. दहा पूर्ण! हे आठवडे एका टर्ममधून दुसऱ्या टर्ममध्येही मोजले जातात. मुद्दाम दहाच्या आत राहून वारंवार सुट्ट्या घेतल्या, तर कौन्सिल (स्थानिक प्रशासन) दहा होण्याची वाट न पाहताही दंड करू शकते.

दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे लागतो. २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, २८ दिवसांपर्यंत १६० पौंड. आई, बाबा आणि दोन मुलं असतील तर ३२० पौंड. उशीर केला तर ६४०. त्याच मुलासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा वेळ आली तर थेट १६०, सवलत नाही. तिसऱ्यांदा दंडाची नोटीस येत नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं आणि तिथे दंड २,५०० पौंडांपर्यंत होऊ शकतो. म्हणून दंड तिकिटाच्या खर्चात धरण्याचा जुना हिशेब आता सोडून द्या.

अर्ज जाण्याआधी करायचा. परत आल्यावर मंजुरी मिळत नाही. मूल ज्यांच्याकडे राहतं त्या पालकाने तो लिहावा. हेडटीचर फक्त अपवादात्मक परिस्थितीत रजा देऊ शकतात, म्हणून त्याच तारखा का, हे पहिल्या दोन ओळींत सांगा. आजी अत्यवस्थ आहे, सख्ख्या काकाचं लग्न आहे, तारीख आपल्या हातात नाही: असं कारण पत्रिका किंवा डॉक्टरांच्या पत्रासह द्या आणि कमीत कमी दिवस मागा. 'तिकीट स्वस्त आहे' हे कारण चालत नाही. दिवाळीसारख्या सणाच्या नेमक्या दिवसाची धार्मिक कारणाखाली वेगळी नोंद होऊ शकते, प्रवासाच्या दिवसांची नाही.

'ताप आलाय' असं खोटं कळवू नका. शाळेला संशय आला तर पुरावा मागता येतो, आणि मूल वर्गात विमानाची गोष्ट सांगतंच. त्याला खोटं सांभाळायला लावणं दंडापेक्षा वाईट.

नोटीस आलीच तर प्रत्येक तारीख आणि नाव तपासा. दंडाविरुद्ध अपील करता येत नाही. नोटीस चुकीची असेल तर कौन्सिलला लगेच लेखी कळवा, ती मागे घेता येते. न भरल्यास खटला न भरलेल्या दंडाचा नसतो, गैरहजेरीचा असतो. 'एरवी हजेरी उत्तम आहे' हा बचावही आता टिकत नाही: फ्लोरिडाच्या सहलीवरून आइल ऑफ वाइटमध्ये झालेल्या खटल्यात २०१७ साली सुप्रीम कोर्टाने नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांनुसार हजेरी, असा निकाल दिला.

सहलीला निघालेल्या आणि मरणाच्या दारातल्या आजीला भेटायला निघालेल्या कुटुंबाला एकच मोजपट्टी लावणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. अपवाद ठरवण्याचा अधिकार हेडटीचरकडे आहे, तो त्यांनी मोकळ्या मनाने वापरायला हवा. नकार आलाच तर शाळेचे इनसेट डे पाहा, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणामुळे मुलांना सुट्टी असलेले दिवस. अकॅडमी शाळा (कौन्सिलच्या नियंत्रणाबाहेरच्या सरकारी खर्चाच्या शाळा) आपल्या तारखा स्वतः ठरवतात, त्यामुळे कौन्सिलच्या यादीवर न जाता शाळेचंच कॅलेंडर उघडा आणि हाफ-टर्मला लागून असलेला सोमवार किंवा शुक्रवार शोधा.