जुन्या युरोपीय चित्रांतील अपरिचित प्राणी आणि वनस्पती कशा अभ्यासाव्यात

सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपीय चित्रकारांनी दूरदेशींच्या प्राण्यांची आणि वनस्पतींची जी चित्रे काढली, ती पाहताना ‘हुबेहूब आहे का?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा. आधी चित्रकारासमोर नेमके काय होते, याचा शोध घ्यावा: जिवंत प्राणी, वाळलेले कातडे, कोणाचे पत्र, की दुसऱ्याने काढलेले चित्र? चित्रातील बहुतेक चुकांचा उगम तिथेच सापडतो.

सुरुवात जर्मन चित्रकार आल्ब्रेश्त ड्युररच्या गेंड्यापासून करणे सोयीचे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडून पोर्तुगिजांना मिळालेला हा गेंडा २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या ड्युररने तो कधीच पाहिला नाही. त्याच्या हाती आले ते एक वर्णन आणि एक रेखाटन. लाकडी ठशावरून छापलेले हे चित्र मोठे करून निरखावे. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या दिसतात, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे एक जादा पिळदार शिंग उगवलेले आहे. ते शिंग निव्वळ कल्पनेतले असले, तरी घड्या भारतीय गेंड्याला खरोखरच असतात. म्हणून एकेक अवयव सुटा करून तपासावा, सगळे चित्र एका झटक्यात मोडीत काढू नये. मग दुसरा जर्मन चित्रकार हान्स बुर्कमायर याने त्याच वर्षी काढलेला गेंडा शेजारी ठेवावा. त्याच्या मानेमागे जादा शिंग नाही आणि पुढचे पाय बांधलेले आहेत, म्हणजे बंदिवान जनावराचा मागमूस तरी तिथे उरला आहे. तरीही पुढच्या दोन शतकांहून अधिक काळ नकला झाल्या त्या ड्युररच्याच. त्यामुळे एखाद्या नंतरच्या ग्रंथात मानेमागचे शिंग दिसले, की ती नक्कल आहे असे समजायला हरकत नाही.

चित्रावरील मजकुरावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ड्युररच्या ठशावरील मजकुरात १५१३ हे साल आहे, गेंडा येण्याच्या दोन वर्षे आधीचे! जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्सच्या १५४२ च्या वनस्पतिग्रंथात मका ‘तुर्की धान्य’ ठरला आणि मिरचीचा संबंध थेट भारतातल्या कालिकत बंदराशी जोडला गेला. दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या.

कातड्यावरून काढलेले चित्र बहुधा देहाच्या ठेवणीवरून ओळखू येते. इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्सने १७७२ च्या सुमारास कांगारू रंगवला तो दर्यावर्दी जेम्स कुकच्या सफरीतून आलेले कातडे फुगवून, त्यामुळे फर पटते, पण अंगाचा बांधा पटत नाही.

प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांनाही त्यांचे संकेत असतात. कीटकांचा अभ्यास करणारी चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ ते १७०१ या काळात दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये राहिली. तिच्या १७०५ च्या ग्रंथात अळी, कोश आणि फुलपाखरू एकाच फांदीवर दिसतात. ही एका क्षणाची नोंद नसून कित्येक दिवसांचे निरीक्षण एका पानावर आणलेले आहे. अशा पानाशेजारचा मजकूर वगळू नये, कारण शंकासुराच्या चित्रासोबत ती लिहिते की गुलाम स्त्रिया गर्भपातासाठी त्याच्या बिया वापरत, आणि हे तिला त्यांनी स्वतः सांगितले होते.