युद्धकविता उकलताना : आधी मोजा, अलंकार मागाहून

युद्धावरची कविता हाती आली की परीक्षेच्या सवयीने आपण लगेच उपमा शोधायला लागतो. तो मोह जरा आवरा. उदाहरणाला पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची १९१७ची ‘डुल्से एट डेकोरम एस्ट’ घेऊ. ओवेन युद्ध संपायला आठवडा असताना मारला गेला, पण चरित्रही नंतर.

आधी पेन्सिल घेऊन ओळी मोजा. एकूण २८, कडवी ८, ६, २ आणि १२ ओळींची. आता यमकांना खुणा करा : अ-ब-अ-ब. सहा ओळींचं कडवं संपतं तेव्हा दोन यमकं लोंबकळत राहतात. त्यांची जोडी लागते मधली मोकळी जागा ओलांडल्यावर, त्या एकट्या दोन ओळींत. तिथे ‘ड्राउनिंग’ला यमक पुन्हा ‘ड्राउनिंग’च! आपल्या सरांनी चूक म्हणून लाल रेघ मारली असती. पण विषारी वायूत बुडावं तसा गुदमरणारा सोबती डोळ्यांपुढून हलतच नाही, तर दुसरा शब्द येणार कुठून? इथेच क्रियापदंही पाहा. भूतकाळ सुटतो, वर्तमान येतो. स्वप्नात तो अजून अंगावर झेपावतो आहे.

मग मोठ्याने वाचा. ओळीत साधारण दहा अक्षरं, एक हलकं, एक आघाताचं. लघु-गुरूची आठवण होईल, पण इथे उच्चाराची लांबी नाही, जोर मोजायचा. ‘मेन मार्च्ड अस्लीप’, आणि पूर्णविराम. आपल्या वृत्तांत यतीची, म्हणजे ओळीतल्या थांब्याची, जागा ठरलेली असते. इथे ओळ दमून मध्येच थांबते. ‘गॅस! गॅस! क्विक, बॉइज!’ला तर ठेकाच मोडतो.

आता अलंकार. तरुण सैनिक ‘म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे’ वाकलेत. नुसतं ‘उपमा’ लिहून गुण मिळतील, पण कवितेने इथे कडक गणवेशातलं चित्र पुसलंय, ते लिहा. ‘हिरवा समुद्र’ मात्र निम्माच कल्पनेतला. वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याच्या काचेतून उजेड खरंच हिरवट दिसतोय.

शेवटचं कडवं म्हणजे बारा ओळींचं एकच लांब वाक्य. त्याच्या टोकाला रोमन कवी होरेसचं, शीर्षकातलंच लॅटिन वचन येतं : देशासाठी मरणं गोड आणि शोभणारं. ओवेन त्याला ‘जुनं खोटं’ म्हणतो. ‘ग्लोरी’शी, म्हणजे कीर्तीशी, यमक जुळतं ‘मोरी’चं, म्हणजे लॅटिनमधल्या मरण्याचं. दहा अक्षरांना सरावलेली जीभ या ओळीत सहाव्यालाच थांबते.