हात धुतले, हवा राहिली: श्वसनाच्या साथीत या चुका टाळा

कोविडच्या पहिल्या लाटेत गोव्यातल्या कितीतरी घरांत पोदेराकडून घेतलेले पाव तव्यावर पुन्हा भाजले जायचे, भाजी मिठाच्या पाण्यात बुडायची, नोटा उन्हात वाळायच्या. आणि त्याच संध्याकाळी, पावसाची झड आत येते म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत आठ-दहा माणसं तास दीड तास गप्पा मारत बसायची. हात धुणं वाईट नाही, जेवणाआधी आणि बाहेरून आल्यावर साबणाने २० सेकंद धुवाच. पण अशा साथीत सगळी सावधगिरी हातावर आणि वस्तूंवर खर्च झाली, की श्वासाकडे कुणी बघत नाही.

बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही विषाणू असलेले कण बाहेर पडतात. मोठे थेंब जवळपास खाली बसतात, बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायला जागतिक आरोग्य संघटनेलाही २०२१ उजाडावं लागलं, तेव्हा नोटा वाळवणाऱ्या आजीला हसण्यात अर्थ नाही.

घरातली हवा खेळते का, हे बघायला देवघरातली उदबत्ती पुरे. खोलीत लावा आणि धूर किती वेळ घुटमळतो ते बघा. कोंडलेल्या खोलीत श्वासाचंही तेच होतं. इथे दोन चुका नेहमीच्या. छताचा पंखा लावला म्हणजे हवा आली, असं वाटतं. तो तीच हवा ढवळतो. स्प्लिट एसीसुद्धा खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा आणि एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा. पावसात थोडं पाणी आत येईल, पुसून घ्या.

चवथीची आरती

हा नाजूक विषय, तरी बोलायला हवा. गणेशचतुर्थीला मुंबई-पुण्याची माणसं गावच्या घरी येतात, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडणीखाली, सगळं घराणं दाटीवाटीने उभं राहतं, घुमट, शामेळ, कासाळं या वाद्यांचा गजर सुरू होतो आणि एकामागून एक आरत्या चढ्या आवाजात होतात. चढ्या आवाजात गाताना साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाचा सुमारे अडीच तास सराव झाला. ६१ जण होते, त्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्याच्यासकट ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले.

म्हणून साथ चालू असताना आरती बंद करा, असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी कोण ऐकणार? पण ती एका कुटुंबापुरती ठेवा, दोन आरत्यांत आटपा, दारं-खिडक्या सताड उघडा. वाड्यावर घरोघर फिरणारी आरती त्या वर्षापुरती अंगणात होऊ द्या. ज्याचा घसा खवखवतोय त्याने लांबून नमस्कार करावा. ‘साधी सर्दीच आहे’ हे वाक्य आजाऱ्याने स्वतःच ठरवायचं नसतं. कोविडमध्ये माणूस लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून इतरांना लागण देऊ शकत होता, लक्षणं सुरू झाल्यावर तर देतच होता.

मास्कचं गणितही असंच उलटं पडलेलं दिसायचं. उघड्या फेरीबोटीत नाका-तोंडाला घट्ट मास्क, आणि पावसामुळे काचा लावलेल्या मिनीबसमध्ये चढल्यावर फोन आला की तो हनुवटीवर. गरज नेमकी उलटी आहे. नाक उघडं असेल तर मास्क लावून उपयोग नाही. झडपेच्या मास्कमधून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो, त्यामुळे घरी म्हातारं माणूस असेल तर तो नको.

चाचणीचा कागद

मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल लागत असे. तेव्हापासून अहवाल म्हणजे परवाना, असा समज पक्का झाला. निगेटिव्ह अहवाल स्वॅब घेतला त्या वेळेपुरता असतो. लागण झाल्यावर एक-दोन दिवसांत केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि रॅपिड अँटिजेन चाचणीत तर काही बाधित निसटतातच. लक्षणं असतील तर अहवाल काही म्हणो, घरीच थांबा.

ताप उतरला, पण...

सर्वांत महागात पडणारी चूक ही. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप मोडतो, पेज पोटात जाते, घरचे निर्धास्त होतात. कोविडमध्ये प्रकृती बिघडायची ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत, आणि कित्येकांना ऑक्सिजन खाली गेल्यावरही धाप जाणवत नसे. त्यामुळे कॅलेंडरवर लक्षणांचा पहिला दिवस लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, म्हणजे ऑक्सिमीटर, वापरतानाही लोक फसतात. पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. नाडीचे ९७ बघून ‘ऑक्सिजन छान आहे’ म्हणणारे बरेच. नेलपॉलिश आणि मेंदी असलेलं बोट टाळा. हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, आकडा स्थिर झाला की मगच लिहा. सकाळ-संध्याकाळ एकाच बोटावर मोजा. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली आला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालल्यावर तीन-चारने घसरला, तर डॉक्टरांना कळवा. धाप असलेल्या माणसाला मात्र चालायला लावू नका. ओठ निळसर दिसले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा छातीत दुखू लागलं, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

औषधांचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर फिरलेली चिठ्ठी दाखवून गोळ्या घेणं थांबवा. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, आणि मधुमेही माणसाची साखर त्याने भडकते. जंतांवरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाचीही अशीच गोष्ट. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना ते देण्याचं जाहीर केलं होतं. त्याआधीच, मार्चमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ते फक्त संशोधनाच्या चाचण्यांपुरतं ठेवा असं म्हटलं होतं, आणि पुढच्या मोठ्या चाचण्यांतही उपयोग दिसला नाही. वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. वाफेचं भांडं कलंडून पोरं भाजतात, म्हणून मुलांना ती देऊच नका.

लस वेळेवर घ्या, साठीच्या पुढच्यांनी फ्लूचीही डॉक्टरांना विचारून.

आणखी एक, विशेषतः एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांच्या घरांसाठी. गाडी कुणाची, चालवणार कोण, हे ताप आला त्याच दिवशी ठरवा. दिवाडीसारख्या बेटावर राहत असाल तर रात्रीच्या फेरीबोटीच्या वेळाही विचारून ठेवा. अशा घरी ९४ ची वाट बघू नका, दुपारी आकडा ९५ वर घुटमळायला लागला की उजेड असतानाच डॉक्टरांना फोन करा.